आळी बदलली की भाव बदलतो: वाईसारख्या गावात घर घेणाऱ्या नवख्यांसाठी

पुण्यामुंबईहून वाईला घर बघायला आलेला माणूस गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतो, "इथं रेट काय चाललाय?" एजंट एक आकडा सांगतो, पाहुणा तो डोक्यात घेऊन फिरतो आणि मग दिवसभर गोंधळतो. कारण गावाला एक भाव नसतोच. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी या कृष्णेकाठच्या आळ्या चालत चालत एका फेरीत बघून होतात. तेवढ्या अंतरात भाव कितीदा तरी खालीवर होतो. कधीकधी तर एकाच बोळाच्या दोन तोंडांना वेगळा असतो.

हा लेख वाई डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय, पण नदीकाठच्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला थोड्याफार फरकाने लागू पडेल. भावाचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, ते सहा महिन्यांत शिळे होतात. कारणं मात्र टिकतात, आणि शोधायची ती कारणंच. एखादी जागा स्वस्त असते तेव्हा तिथं काहीतरी कमी असतं हे खरं, पण ते तुम्हाला खुपेलच असं नाही. उलट, काही दोष असे असतात की ते भावात उतरलेलेच नसतात. पहिल्या जातीची जागा शोधायची आणि दुसऱ्या जातीपासून लांब राहायचं.

पायरी १: भाव कशाचा, ते आधी विचारा

जुन्या घराचा भाव उक्ता सांगतात, प्लॉटचा गुंठ्यावर, फ्लॅटचा चौरस फुटावर आणि सरकारी दर चौरस मीटरवर. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. सगळे भाव एकाच मापात वहीत उतरवा, नाहीतर तुलना होणार नाही. वाड्याच्या उक्त्या भावातून जागा किती, बांधकाम किती हे वेगळं काढा. मोडकळीला आलेल्या माळवदाचे पैसे कुणी देत नाही. सागवानी खांब आणि तुळयांचे मात्र देतात, आणि विकणारा ते आधीच काढून नेणार आहे का, हेही विचारून घ्या.

फ्लॅट असेल तर भाव कार्पेटवर (आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) आहे की 'सेलेबल'वर (जिना, भिंती वगैरेंचा वाटा धरून), ते विचारा. छोट्या गावात सहा-आठ फ्लॅटच्या इमारती पुष्कळ. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे महारेराच्या वेबसाइटवर इमारत सापडली नाही म्हणून ती बेकायदा ठरत नाही, पण तुमचं कवचही तेवढंच कमी.

पायरी २: गावाचे पट्टे पाडा

वाईसारख्या गावाचे ढोबळ चार पट्टे पडतात. नदीकाठच्या जुन्या आळ्या, बाजारपेठ, मोठ्या रस्त्याला लागून झालेल्या नव्या वसाहती, आणि नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरची मेणवली, पसरणी, बावधनसारखी गावं. प्रत्येक पट्ट्याला पैसे वेगळ्या गोष्टीचे मोजतात. बाजारपेठेत ते गाळ्याच्या तोंडाचे असतात. तिथल्या दर्शनी बारा फुटांना जो भाव आहे, तो त्याच घराच्या मागच्या साठ फुटांना नाही. तुम्हाला दुकान टाकायचं नसेल तर त्या बारा फुटांचे पैसे फुकट गेले.

मोठ्या रस्त्याचंही तसंच. पुण्याकडून पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी गर्दी सुरूर फाट्यावरून आत वळते आणि वाईतून पुढे पसरणी घाटाला लागते. त्या रस्त्यावर तोंड असलेल्या जागेला हॉटेलवाला चांगला पैसा देतो. राहणाऱ्याला मात्र शनिवार-रविवारी स्वतःच्या फाटकातून गाडी बाहेर काढणं जड जातं. त्याच रस्त्याला मागून लागणारी दुसरी गल्ली बघा. भाव एकदम उतरतो आणि हॉर्नही.

हद्दीबाहेर गुंठा स्वस्त दिसतो. तिथं आधी सातबारा मागा. शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. "दोन गुंठे तुमच्या नावावर सामाईक सातबाऱ्याला चढवून देतो" असं कुणी म्हणालं, तर चहा पिऊन उठा. जुने गुंठेवारी प्लॉट, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले तुकडे, नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे आणि पुढे त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटसाठी वाढवली गेली. पण नियमित होऊ शकतो आणि झालेला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाल्याचा आदेश हातात घेतल्याशिवाय पैशाचं बोलू नका.

पायरी ३: पाणी कुठवर येतं ते विचारा

वाईच्या महागणपतीचं, आपल्या ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. दर्शन झालं की देवळाच्या मागे जा आणि मागची भिंत बघा. ती माशासारखी निमुळती आहे, पुराचा लोंढा तिच्यावर दुभागून जावा म्हणून. पूर येणारच हे धरून बांधलेलं बांधकाम ते. तिथं अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्याने पैसे घातले त्याला हे ठाऊक होतं, मग घर घेणाऱ्याने ते विसरायचं कारण नाही.

वाईच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे. पावसाळ्यात तिथून विसर्ग वाढला की घाट बुडतात आणि देवळात पाणी शिरतं, हे इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून "इथं पूर येतो का?" असं विचारू नका, उत्तर "नाही हो" असंच मिळेल. "धोमचं पाणी सोडलं की कुठवर येतं?" असं विचारा. म्हातारं माणूस काठीने पायरी दाखवतं. "आवो, ह्या तिसऱ्या पायरीवर टेकतं, वर न्हाई येत." शेजारच्या घरीही तोच प्रश्न विचारा. दोघांची पायरी जुळली तर ती खरी.

विचारायला कुणी नसेल तर घरंच बोलतात. वीजमीटर छातीच्या उंचीला आहे की डोक्याच्या वर? दुकानाच्या शटरला खालून किती फुटांपर्यंत गंज चढलाय? जुन्या घरांची जोती शेजारच्या नव्या घरापेक्षा उंच का? तळमजल्याच्या भिंतीला नुकताच रंग दिलाय आणि वरच्या मजल्याला नाही, असं दिसलं तर मी तरी तो रंग नखाने खरवडून बघेन.

आता कागदावरची रेषा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं क्षेत्र निषिद्ध, दोन रेषांमधलं नियंत्रित. निषिद्ध क्षेत्रात मोकळ्या प्लॉटवर नवं घर बांधायची परवानगी मिळत नाही. असलेलं घर पाडून पुन्हा बांधायचे नियम वेगळे आहेत, ते नगरपरिषदेकडून लेखी घ्या. नियंत्रित क्षेत्रात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवून. म्हणजे भराव, दगडी बांधकाम आणि जिना यांचा जादा खर्च. तो जागेच्या किमतीतून वजा झालेला असायला हवा. बहुतेक वेळा नसतो.

या कारणाने स्वस्त असलेली जागा कुणी घ्यावी? वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल, गाडी उंचावर लावायची सोय असेल आणि वर्षातले दोन-तीन दिवस अडकून पडणं चालत असेल, त्याने खुशाल विचार करावा. नदीसमोरचा सज्जा त्याच पैशात दुसरीकडे मिळत नाही. तळमजल्याला मात्र माझा साफ नकार. चिपळूणच्या बाजारपेठेने २६ जुलै २००५ ला पाणी बघितलं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा बघितलं. पूर ओसरला की काही काळ उंचावरच्या जागांना मागणी येते, मग लोक विसरतात आणि सखल भागाचे भाव परत चढतात. तुम्ही घर बघायला ऑगस्टमध्ये या. मे महिन्यात बघितलेली नदीकाठची जागा निम्मीच बघितली असं समजा.

पायरी ४: रस्त्याची रुंदी टेपने मोजा

"गाडी जाते" यावर विश्वास ठेवू नका. गाडी जाते, पण वळते का? जेसीबी, वाळूचा ट्रॅक्टर, रुग्णवाहिका, मैला उपसणारी गाडी येते का? जुन्या आळीत शोषखड्डा भरला की ही शेवटची गाडी फार महत्त्वाची वाटते. बोळात ट्रॅक्टर जात नसेल तर विटा, वाळू, सिमेंट तोंडाशी उतरवून डोक्यावरून आत न्यावं लागतं, आणि पाडलेल्या वाड्याची माती तशीच बाहेर काढावी लागते. गवंड्याला विचारा, तो लगेच मजुरी वाढवून सांगेल. बोळातली जागा स्वस्त असण्याचं निम्मं कारण हेच.

दुसरं निम्मं कारण नकाशात आहे. नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात आज १५ फुटांची दिसणारी गल्ली ९ मीटरची दाखवलेली असू शकते. समजा तुमची जागा ३३ फूट रुंद आणि ६६ फूट खोल, बरोबर दोन गुंठे. रस्ता ९ मीटर, म्हणजे साडेएकोणतीस फुटांचा होताना दोन्ही बाजूंनी सव्वासात-सव्वासात फूट गेले, तर तुमचे जवळजवळ २४० चौरस फूट गेले. २१७८ मधले २४०, म्हणजे अकरा टक्के. शिवाय सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, त्यानंतर मोजायचं. विकणारा पैसे २१७८ चेच मागतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तुम्ही विचारलंच नव्हतं.

हीच गोष्ट उलटही फिरते. दाटीच्या गावठाणाबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम, मिळत नाही, मूळचा तेवढाच. म्हणून बिल्डर रुंद रस्त्यावरच्या जागेला जास्त पैसा मोजतो आणि तिथला भाव फुगतो. तुम्हाला बैठं घर आणि मागे चार झाडं एवढंच हवं असेल, तर बिल्डरला नको असलेली अरुंद रस्त्यावरची जागा तुमच्यासाठी बरी. शेजारी सात मजले उठायची भीती कमी.

करायचं काय, तर नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यायचा. त्यावर रस्ता, आरक्षण आणि पूररेषा तिन्ही बघायची. शाळा, बगीचा, भाजी मंडई असं आरक्षण जागेवर असेल, तर "ते काय कधी होत नाही हो" या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका. ते होणारही नाही कदाचित, पण आरक्षण उठेपर्यंत तुम्हाला बांधता येणार नाही आणि कर्जही मिळणार नाही.

पायरी ५: वाडा कुणाकुणाचा आहे

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथं अडकतो. नदीकाठच्या आळीत चौसोपी वाडा एवढ्या स्वस्तात कसा, असं वाटून तो हरखतो. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढली की कळतं. नाव आजोबांचं, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, वारस नोंद नाही. एक मुलगा गावात, एक नागपुरात, एकाची मुलं परदेशात, आणि बहिणींना कुणी विचारलेलंच नाही. विकायला निघालाय तो गावातला.

मिळकत पत्रिका भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे मिळते, ऑनलाइनही निघते. तिच्यावर चार गोष्टी बघा: सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, धारकाचं नाव आणि सत्ताप्रकार. जागा भोगवटादार वर्ग २ (सरकारकडून अटींवर मिळालेली) असेल किंवा देवस्थान इनामाची असेल, तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. घाट आणि देवळांच्या गावात हे तपासणं आलंच.

सगळे वारस सह्या द्यायला तयार असतील तर थोडी घासाघीस करा आणि घ्या. काहींनी हक्कसोडपत्र दिलं असेल तर ते नोंदणीकृत आहे का, ते बघा. साध्या कागदावरची सही इथं उपयोगाची नाही. "माझा एक हिस्सा तेवढा देतो" म्हणणाऱ्याकडून मात्र घेऊ नका. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला घरात एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावावा लागतो. निम्म्या किमतीत हिस्सा मिळतो तो याच कारणाने, आणि ती किंमतही जास्तच आहे.

मग भाडेकरू. जुन्या वाड्यात दोन खोल्यांत कुणीतरी पन्नास वर्षं नाममात्र भाड्याने राहतं. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्यांना आहे. "ते जातील, मी बोललोय" हे विकणाऱ्याचं वाक्य. तुम्ही स्वतः जाऊन बोला. बरेचदा ही माणसं घराची खरी माहिती मालकापेक्षा जास्त सांगतात: कुठं गळतं, नळाला पाणी किती वाजता येतं, सामाईक भिंतीवरून शेजाऱ्याशी काय झालं होतं. त्या सामाईक भिंतीचंही बघून ठेवा. तुमचा वाडा पाडताना शेजारच्याची तुळई त्याच भिंतीवर टेकलेली निघाली, तर काम तिथंच थांबतं.

वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. छोट्या गावात नोटिशीचा परिणाम मोठा. दुसऱ्या दिवशी आळीतल्या सगळ्यांना कळतं आणि ज्याची हरकत असेल तो चालत येतो.

पायरी ६: झालेले व्यवहार बघा

दरवर्षी १ एप्रिलपासून लागू होणारा बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर आहे. छोट्या गावात एका मूल्यविभागात पुष्कळ आळ्या एकत्र येतात. त्यामुळे नदीकाठचा ओला बोळ आणि त्याच्या डोक्यावरचा कोरडा चौक यांना एकच सरकारी दर लागतो. भाव ठरवायला तो फारसा कामाचा नाही. मुद्रांक शुल्काला मात्र लागतो, कारण करारातली रक्कम आणि रेकनरची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क बसतं. स्वस्तात मिळालेल्या बोळातल्या घरावर कधीकधी न दिलेल्या पैशाचंही शुल्क भरावं लागतं. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. राहतं घर बाईच्या एकटीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

खरा उपयोग सूची क्रमांक २ चा, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याचा. त्याच साइटवर मिळकतीचा नंबर आणि वर्ष टाकून आसपासच्या झालेल्या दस्तांची सूची निघते. मोबदला, बाजारभाव, क्षेत्र सगळं त्यात असतं. लिहिलेला मोबदला पूर्ण असतोच असं नाही, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून आकडा सोडा, प्रमाण बघा. एकाच वर्षी एका आळीतलं घर दुसऱ्या आळीच्या किती पट गेलं, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. एका आळीत पाच-सात वर्षांत एकही दस्त नसेल, तर घेताना नव्हे पण विकताना काय होईल, याचा विचार करा.

पायरी ७: न खुपणारी सूट शोधा

दक्षिणमुखी घर. तिठ्याच्या नाकासमोरचा प्लॉट. स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची जागा. जिथं कुणी अचानक गेलं असं घर. एसटी स्टँडपासून लांब. या सगळ्यांना गावात भाव कमी, आणि तुमचा वास्तूवर भरवसा नसेल किंवा तुम्हाला रोज एसटी धरायची नसेल, तर ती सूट निव्वळ तुमची. एवढंच, की तुम्ही विकाल तेव्हा समोरचाही तेवढीच सूट मागेल.

याच्या उलट, भावात कधीच न दिसणारे त्रास: पाठीमागचं मंगल कार्यालय, पिठाची गिरणी, आणि नळाच्या लाइनचं शेवटचं टोक. पाणी येण्याच्या वेळी जाऊन बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. घर एकदा सकाळी, एकदा बाजाराच्या दिवशी, एकदा लग्नसराईतल्या संध्याकाळी बघितलेलं बरं.

आळीचा स्वभावही असतो. माघापासून घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, प्रत्येक घाटाचा वेगळा. त्या दिवसांत तुमच्या दारात गर्दी, भोजनाची पंगत आणि वर्गणीची पावती हे तिन्ही येणार. काहींना तो गोंगाट वाटतो. मला विचाराल तर नवख्या माणसाने आळीत रुळायचा त्याहून सोपा रस्ता नाही, पण शांततेसाठीच आला असाल तर घाटापासून दोन गल्ल्या आत घर घ्या.

पायरी ८: बोलणी आणि त्यानंतर

बोलणी करताना "फार महाग आहे" म्हणण्यात काही मिळत नाही. कारण आणि त्याचा खर्च समोर ठेवा: रस्त्यात जाणारे २४० फूट, जोतं उचलायचा खर्च, डोक्यावरून माल नेण्याची मजुरी. गावातला विकणारा असल्या हिशेबाला मान देतो. "बरं, फुटांचं सोडतो, जोत्याचं तुम्ही बघा" इथपर्यंत गाडी येते.

इसाराची रक्कम थोडी ठेवा, चेकने द्या आणि साठेखत, म्हणजे खरेदीआधीचा विक्रीचा करार, नोंदवून घ्या. त्यात पूररेषा, आरक्षण, भाडेकरू आणि वारस यांबद्दल विकणाऱ्याने काय सांगितलं ते लिहून घ्या, म्हणजे पुढे बोलणं फिरत नाही. खरेदीखत झालं की मिळकत पत्रिकेवर फेरफार होऊन तुमचं नाव लागलं का, ते स्वतः जाऊन बघा. नगरपरिषदेत घरपट्टी आणि पाणीपट्टीला नाव लावायचा अर्ज वेगळा करावा लागतो. त्याआधी जुन्या मालकाची थकबाकी किती आहे ते विचारून ती शेवटच्या हप्त्यातून कापून घ्या.